टायटॅनिकवर ममी नव्हतीच

टायटॅनिक शापित ममीमुळे बुडालं, हा किस्सा अजूनही फिरतोय. ती 'ममी' १८८९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९१२ साली ती तिथून हललीसुद्धा नव्हती. मुळात ती ममी नाहीच. ममीवर ठेवायची ती रंगवलेली लाकडी फळी आहे, इ.स.पू. ९५० च्या सुमाराची. बिनदाढीचा चेहरा आणि छातीवरचे उघडे तळवे यांवरून ती एका स्त्रीची, एवढंच कळतं. नाव कुठेच नाही. कुणीतरी आपल्या माणसासाठी एवढ्या निगुतीने रंगवून घेतलेल्या वस्तूला अपशकुनी ठरवणं मला तरी पटत नाही.

मग हे आलं कुठून? पत्रकार विल्यम स्टेड यांनी बोटीवर जेवताना ममीच्या शापाची गोष्ट सांगितली. ते बुडाले, वाचलेल्या सहप्रवाशाकडून ती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पोहोचली. बोटीवरच्या मालाच्या यादीत ममी नाही.