उपग्रहाची उंची आणि गुंतवणूकदाराचा पैसा

जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने स्टारलिंकला उपग्रह-संचार सेवेचा परवाना दिला आणि अंतराळ कंपन्यांचे शेअर सुचवणाऱ्या संदेशांना ऊत आला. या व्यवसायात पैसा कुठे मुरतो, हे समजायचे असेल तर ताळेबंदाच्या आधी उपग्रहाची कक्षा पाहावी.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या गतीनेच फिरल्यामुळे आकाशात एकाच जागी भासणारा उपग्रह, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तेथून पृथ्वीचा सुमारे ४२ टक्के पृष्ठभाग दिसतो, त्यामुळे ध्रुवीय प्रदेश सोडले तर तीन उपग्रहांत जग व्यापते. मात्र संदेश वर जाऊन खाली येणे आणि उत्तरानेही तेवढीच वाट चालणे, यात प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. दूरचित्रवाणीला तो चालतो, संभाषणात खटकतो. सुमारे ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहाबाबत हा विलंब नगण्य होतो, पण त्याला पृथ्वीचा जेमतेम ४ टक्के भाग दिसतो आणि क्षितिजालगतचा पट्टा उपयोगाचा नसल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय सुमारे ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करणारा हा उपग्रह कोणत्याही गावाच्या माथ्यावरून काही मिनिटांत निघून जातो. म्हणून अखंड सेवेसाठी शेकडो आणि ग्राहक वाढले की हजारो उपग्रह लागतात, आणि त्यातला प्रत्येक उपग्रह आपला बराचसा काळ ग्राहक नसलेल्या समुद्रावर घालवतो.

त्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्या घर्षणाने कक्षा खालावते, ती सावरण्यात इंधन संपते. सौर वादळात वरचे वातावरण फुगते आणि घर्षण वाढते; फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या आणि अजून बऱ्याच खालच्या कक्षेत असलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० असेच गमवावे लागले. सूर्याचा गुंतवणुकीवर होणारा हा परिणाम मोजता येतो. ग्रहमानावरून शेअर सुचवणाऱ्यांकडे असे कोणतेही मोजमाप नाही. भूस्थिर उपग्रह साधारण १५ वर्षे टिकतो, स्टारलिंकचा सुमारे पाच, म्हणजे एवढ्या अवधीत संपूर्ण ताफा नव्याने उभारावा लागतो.

उपग्रहावरून फोनसेवा देणाऱ्या इरिडियम या कंपनीने सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभारले, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. उपग्रह उत्तम चालत होते, महागडे फोन घेणारे ग्राहक मात्र पुरेसे मिळाले नाहीत. पुढे ती मालमत्ता सुमारे अडीच कोटी डॉलरना विकली गेली आणि नव्या मालकांनी त्याच उपग्रहांवर धंदा सावरला. म्हणून ग्राहकसंख्येचे आकडे वाचताना, मिळणाऱ्या वर्गणीतून पुढच्या ताफ्याचा खर्च निघतो का, हे गुंतवणूकदाराने आधी तपासावे.