फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदाचे आडाखे

फुटबॉलचा पुढचा किंवा त्याच्याही पुढचा विश्वचषक कोणत्या देशात होणार, याचे निवडीआधी बांधले जाणारे अंदाज. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यजमान फार आधी ठरवते. कतारची निवड स्पर्धेच्या बारा वर्षे आधी झाली होती. त्यामुळे पत्रकारांपासून सट्टेबाजांपर्यंत साऱ्यांनाच आडाखे बांधायला भरपूर वेळ मिळतो. ते चुकतही भरपूर, कारण पूर्वी निर्णय कार्यकारी समितीतल्या चोवीस जणांच्या गुप्त मतदानाने होई.

इतक्या थोड्या मतांत एक माणूस फिरला तरी हिशेब कोलमडतो. ६ जुलै २००० रोजी झ्युरिकमध्ये २००६ च्या यजमानपदासाठी शेवटच्या फेरीत जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका उरले. इंग्लंड बाद झाले की दक्षिण आफ्रिकेला मत द्यायचे, असे प्रशांत महासागरातल्या देशांच्या ओशनिया महासंघाने आपले प्रतिनिधी, न्यूझीलंडचे चार्ली डेम्प्सी, यांना सांगून ठेवले होते. डेम्प्सींनी त्या फेरीत मतच दिले नाही. जर्मनी १२, दक्षिण आफ्रिका ११. बरोबरी झाली असती तर फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांचे निर्णायक मत आफ्रिकेला मिळेल, असे सगळे धरून चालले होते.

२ डिसेंबर २०१० ला जाणकारांची आणखी फजिती झाली. २०१८ साठी इंग्लंडला पहिल्याच फेरीत अवघी दोन मते पडली आणि रशिया जिंकला. २०२२ साठी फिफाच्याच तांत्रिक अहवालाने कतारला सर्वांत जोखमीचा दावेदार ठरवले होते, उन्हाळ्यातल्या उष्णतेचा इशाराही दिला होता. तरी कतारने अमेरिकेला १४–८ असे हरवले. अहवाल वाचून अंदाज बांधणारे तोंडघशी पडले. स्पर्धा अखेर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यावी लागली.

लाचखोरीच्या आरोपांनी हे प्रकरण गाजले आणि मतदानाचा हक्क सर्व सदस्य संघटनांच्या महासभेकडे, म्हणजे फिफा काँग्रेसकडे गेला. १३ जून २०१८ ला मॉस्कोत २०२६ च्या यजमानपदासाठी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या संयुक्त दावेदारीने मोरोक्कोला १३४–६५ असे सहज मागे टाकले. अहवालातले गुणही ५०० पैकी ४०२.८ विरुद्ध २७४.९ असेच होते. अंदाज बांधणे सोपे झाले, असे तेव्हा वाटले.

ते सोपे झाले खरे, पण वेगळ्याच कारणाने. आधीच्या दोन स्पर्धांपैकी एकीचाही यजमान ज्या खंडीय महासंघातला असेल, त्याला पुढच्या स्पर्धेसाठी दावा करता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०३० चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल यांना आणि शताब्दीनिमित्त एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वे यांना देण्याचे ठरले. त्या एका निर्णयाने आफ्रिका, युरोप, दक्षिण अमेरिका या तिघांचाही २०३४ साठी पत्ता कट झाला. उत्तर अमेरिका २०२६ मुळे आधीच बाहेर. उरले आशिया आणि ओशनिया, आणि इच्छा कळवायला मुदत महिन्याभराहूनही कमी. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी माघार घेतली. सौदी अरेबिया तेव्हाच बिनविरोध झाला. ११ डिसेंबर २०२४ ला काँग्रेसने टाळ्या वाजवून केलेली निवड केवळ उपचार होती.

माघारीकडे लक्ष ठेवायला हवे, हा धडा भारताच्या बाबतीतही लागू पडला. २०२७ च्या आशियाई चषकासाठी अखेरच्या दोन दावेदारांत भारत होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने अंग काढून घेतले आणि स्पर्धा सौदीकडे गेली.

हाच नियम टिकला तर २०३८ साठी उत्तर अमेरिका आणि ओशनिया एवढेच महासंघ मोकळे राहतात. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशनिया सोडून आशियात गेला नसता, तर आज त्याचे नाव या यादीत असते.