क्लिपखालचा गंज

नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या पोलाद बाजाराच्या आसपास ट्रकदुरुस्तीची अनेक गॅरेजे आहेत. त्यांतल्या एका गॅरेजात, पावसाळा संपताना, एका पंधरा वर्षे जुन्या छोट्या ट्रकची मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी उतरवताना मी पाहिली. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नळी धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप सोडवली, तेव्हा तिच्याखालचा नळीचा भाग मेकॅनिकच्या हातात पापुद्र्यांसारखा सुटून आला. क्लिपच्या दोन्ही बाजूंना मात्र नळीवरचा मूळ लेप बराचसा शाबूत होता. गाडी आदल्या दिवसापर्यंत माल वाहत होती आणि ब्रेक व्यवस्थित लागत होता, असे चालकाचे म्हणणे होते. ते खरेच होते. ब्रेकची नळी आपली अवस्था पॅडलवर जाणवू देत नाही, आणि फुटते ती बहुधा जोराचा ब्रेक मारण्याच्या क्षणीच.

मोठ्या ट्रकना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी आहे. छोट्या ट्रकमध्ये आणि टेम्पोमध्ये मात्र पॅडलचा जोर चाकापर्यंत पोहोचवण्याचे काम ब्रेक ऑइल करते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे कामाला येतो. साध्या, सावकाश ब्रेकिंगमध्ये नळीतला दाब २०–३० बार असतो, तर समोर अचानक माणूस आल्यावर चालक सारे बळ लावून पॅडल दाबतो तेव्हा तो १०० बारच्या घरात जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधली हवा साधारण २ बार दाबाची असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अंदाज येतो.

हा दाब झेलणारी पोलादी नळी बाहेरून फक्त ४.७५ मिलिमीटर जाडीची असते आणि तिची भिंत सुमारे ०.७ मिलिमीटरची. १०० बार दाबाला या भिंतीवर सुमारे २४ मेगापास्कल ताण येतो, आणि अशा मऊ पोलादाची तुटण्याची मर्यादा ३०० मेगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे नवी नळी गरजेच्या कितीतरी पट मजबूत असते. आता गंजाने भिंत खाऊन एखाद्या ठिकाणी ती फक्त ०.०५ मिलिमीटर उरली आहे, असे समजू. २५ बार दाबाला तेथे सुमारे ८४ मेगापास्कल ताण येईल आणि नळी तो निमूटपणे सोसेल. रोजच्या शंभर ब्रेकना ती अशीच टिकेल. पण १०० बार दाबाला तोच ताण ३३५ मेगापास्कलपर्यंत चढेल आणि नळी तेथेच फाटेल. रोजचा ब्रेक नीट लागतो म्हणून नळी चांगली आहे, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो, आणि माझ्या मते जुन्या गाड्यांच्या बाबतीत यापेक्षा घातक गैरसमज दुसरा नाही.

हा गंज येतो कसा? थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटते. आपल्याकडे तसे मीठ कोणी टाकत नाही, पण ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी यांच्यामध्ये वसलेल्या नवी मुंबईत खारी हवा आणि भरतीच्या वेळी सखल रस्त्यांवर येणारे पाणी ते काम करतात. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंची अवस्था तर आणखी बिकट असते, कारण वितळणाऱ्या बर्फाचे खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर ठिबकत राहते. साधे मीठ हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागतो. म्हणून पाऊस थांबल्यावर, रस्ते कोरडे दिसत असतानाही, नळीवर बसलेला खारट चिखल ओलसरच असतो.

क्लिपखाली हे सारे अधिक तीव्र होते. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे: लोखंडाचा अणू एका ठिकाणी इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. क्लिप आणि नळी यांच्यामधल्या फटीत पाणी शिरते, पण तेथला ऑक्सिजन लवकर संपतो. बाहेरच्या भागाला मात्र तो भरपूर मिळत राहतो. त्यामुळे बाहेरचा मोठा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मागतो आणि फटीतले थोडेसे लोखंड ते पुरवत झिजत जाते. शिवाय मिठातले क्लोराइड फटीकडे ओढले जाते आणि तेथले पाणी आम्लधर्मी होते. कारखान्यात नळीला जस्ताचा थर दिलेला असतो. लोखंडाआधी स्वतः झिजून तो संरक्षण करतो, पण क्लिपच्या घासण्याने आणि खडीच्या माऱ्याने तो सर्वांत आधी येथेच संपतो. तपासणी करताना नळीचा उघडा भाग पाहून समाधान मानू नये. क्लिप सोडवून खाली पाहावे.

गंजलेला तुकडा कापून तेथे रबरी नळी आणि पट्टा लावण्याचा उद्योग कधीही करू नये. संपूर्ण नळी बदलावी, कारण एका जागी गंजलेली नळी इतर क्लिपांखालीही बहुधा तशीच असते. एअर कंडिशनरची शुद्ध तांब्याची नळी हाताने वाकते म्हणून काही जण ती बसवतात. पण शुद्ध तांबे गाडीच्या सततच्या थरथराटाने कडक होत जाते आणि मग त्याला तडा जातो. गंजाला खरोखर तोंड देणारा पर्याय म्हणजे तांबे–निकेल मिश्रधातूची नळी. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल आणि थोडे लोह व मॅंगनीज असते. समुद्राच्या पाण्यात काम करणाऱ्या नळ्यांसाठी वापरला जाणारा हा मिश्रधातू व्होल्वो कंपनीने १९७० च्या दशकातच ब्रेकसाठी स्वीकारला होता. खाडीकाठच्या गाडीसाठी ती थोडी महाग पडली तरी मी तीच निवडेन.

कामात सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे नळीच्या टोकाचे फ्लेअर, म्हणजे जोडात घट्ट बसावे म्हणून टोक पसरवून दिलेला आकार. टोक सरळ कापून, आतली-बाहेरची कोर साफ करून, नट आधी नळीत सरकवून घ्यावा लागतो, कारण फ्लेअर झाल्यावर तो आत जात नाही. मग टोक एकदा आत दुमडून त्यावर शंकूचा आकार देतात, म्हणजे बसायच्या जागी भिंत दुहेरी होते. एकेरी फ्लेअर पोलादी नळीत चिरते आणि १०० बारला तेथूनच गळती सुरू होते. जुन्या नळीचे फ्लेअर ज्या प्रकारचे होते, त्याच प्रकारचे नवे असावे. दोन प्रकार एकमेकांवर नीट बसत नाहीत. अडकलेला नट सोडवण्यासाठी गॅसची ज्योत लावणे धोक्याचे आहे, कारण ब्रेक ऑइल पेट घेते. गंज सैल करणारे खनिज तेलही नळीच्या आत जाता कामा नये, कारण त्याने ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर फुगते. सिलिंडरमधले रबरी कप डिझेलने धुण्याची सवयही याच कारणाने सोडायला हवी.

नवी नळी बसल्यावर एअर काढणे, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर सोडणे, हा भाग घाईने उरकू नये. ब्रेक ऑइल १०० बार दाबाला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आकसते, पण हवेचा बुडबुडा तेवढ्याच दाबाला शंभराव्या हिश्शावर येतो, आणि पॅडलची सारी चाल तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होते. डब्यातले ऑइल ताजे, नुकतेच उघडलेले हवे; ते हवेतला ओलावा शोषते आणि डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा किमान २०५ अंश सेल्सिअस असलेला उत्कलनबिंदू ओलावल्यावर १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घोडबंदरच्या गायमुख घाटासारख्या उतारावर तापलेल्या ब्रेकला हा फरक पुरेसा असतो, कारण उकळलेल्या ऑइलची वाफही हवेसारखीच दबते.

शेवटी इंजिन चालू ठेवून एकाने पॅडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे आणि दुसऱ्याने गाडीच्या बाजूला राहून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. कागद कोरडा राहिला आणि पॅडल जराही खाली सरकले नाही, तरच गाडी रिकाम्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवून पाहावी, आणि त्यानंतर क्लिपा पुन्हा एकदा तपासाव्यात.