पेडल मारून बोटीवरचा फ्रिज चालतो का?
इंग्लंडच्या कालव्यांवरील निवासी बोटींपासून समुद्रात फिरणाऱ्या शिडाच्या नौकांपर्यंत एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: रोज तासभर सायकल चालवली की व्यायामही होतो आणि बोटीची विजेची गरजही भागते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो.

सर्वसाधारण निरोगी माणूस तासभर सलग सुमारे 75 वॅट शक्ती देऊ शकतो. पट्टा, जनित्र आणि बॅटरी यांतील घट वजा जाता हाती जेमतेम 50 वॅट-तास उरतात, तर बोटीवरच्या 12 व्होल्टच्या लहान फ्रिजलाच दिवसाला सुमारे 400 वॅट-तास लागतात, म्हणजे एकट्या फ्रिजसाठी आठ तास पेडल मारावे लागतील. त्यातही अनेकजण मोटारीचा जुना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) सायकलला जोडतात आणि नेमके तिथेच फसतात, कारण त्याच्या आतील गुंडाळीत चुंबकत्व निर्माण करण्यासाठीच बॅटरीतून तीनेक अँपिअर प्रवाह खर्च होतो, शिवाय तो पायांना न झेपणाऱ्या वेगाने फिरवावा लागतो. कायम चुंबकाची मोटर जनित्र म्हणून फिरवणे त्यापेक्षा कितीतरी बरे, कारण तिला चुंबकत्वासाठी वेगळा प्रवाह लागत नाही. याउलट उन्हाळ्यात 100 वॅटचे एक सौर पॅनेल दिवसाकाठी 300 वॅट-तास सहज देते.

तरीही पेडल निरुपयोगी नाही. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात 1929 च्या सुमारास आल्फ्रेड ट्रेगर यांचे पेडलवर चालणारे बिनतारी यंत्र डॉक्टरांना बोलावण्यासाठी वापरात आले, आणि ते यशस्वी ठरले, कारण त्याची गरजच मोजक्या वॅटची होती. बोटीवरही एलईडी दिवा, मोबाइल किंवा संकटकाळी व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संपर्क संच) यांच्यासाठी पेडल जरूर ठेवावे. फ्रिजचा भार मात्र सौर पॅनेलवरच टाकावा.