परतीचा पाऊस आणि उतारावरचे भात

मुळशी, मावळ, अकोले अशा डोंगरपट्ट्यात एकाच घरच्या शेतात पूर्वी दोन-तीन तऱ्हांचे भात असायचे. वरच्या खाचरांत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांत, हळवे; ओढ्याकाठच्या खोलगट खाचरांत गरवे. वरची माती उथळ. पाऊस थांबला की खाचर लवकर सुकते, म्हणून तिथे सुमारे 110 दिवसांत तयार होणारे हळवे वाण. खाली ओल टिकते, तिथे 135 दिवसांहून जास्त घेणारे गरवे. ही सगळी आखणी पाऊस कधी जाणार यावर बेतलेली होती.

तो दिवस आता पुढे सरकला आहे. भारतीय हवामान विभागाने 2020 साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 जूनची 11 जून झाली, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहिली. परतीची मात्र 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. हा सगळा फरक तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण जुन्या तारखा फार आधीच्या आणि तुटपुंज्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात राबात, म्हणजे रोपे तयार करायच्या वाफ्यात, पेरलेले हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस पिकते, आणि आता तेव्हा पाऊस माथ्यावर असतो. पिकलेले भात भिजून आडवे पडते, लोंबीतच दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो आणि गुरांची वैरणही जाते. 2019 च्या ऑक्टोबरात पाऊस लांबला, त्यात अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आले, तेव्हा कोकणात कापणीला आलेले भात असेच पाण्यात गेले.

गरव्याचे दुखणे निराळे. जुने गरवे वाण बहुधा दिवसाच्या लांबीवर चालतात. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ते पोटरीत येतात, म्हणजे आत लोंबी धरतात, मग आभाळात काही चालू असो. भाताचे फूल सकाळी उशिरा, तास-दीड तासच उमलते आणि पराग काही मिनिटांत निकामी होतो. नेमक्या त्या वेळी जोराची सर आली की दाणा भरत नाही, पळंज, म्हणजे पोकळ दाणा, हाती येते. ढगाळ, दमट हवेत करपा हा बुरशीचा रोग वाढतो, तो त्रास वेगळाच.

पाऊस पडण्याची रीतही बदलली आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सपाटीवर अशा पावसाने पाणी तुंबते. डोंगरात वरच्या खाचराचा बांध फुटला की गाळ-गोटे खालच्या खाचरात येतात, तिथला बांध जातो, मग त्याखालचा. वाहून गेलेली माती परत चढवायला घरच्या माणसांचे कित्येक उन्हाळे जातात. पिकाच्या नुकसानीपेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते.

हिमालयात गणित वेगळे आहे. नेपाळच्या जुम्ल्यात सुमारे 3,000 मीटर उंचीवर भात होते, आणि तिथे थंडी बाधून पराग वांझ होतात. थोडी ऊब त्या पिकाला मानवेलही. पण भूतानच्या उंच खोऱ्यांत 1995 साली करप्याची मोठी साथ आली होती, हे विसरून चालत नाही.

सह्याद्रीत मात्र वरच्या-खालच्या खाचरांतला फरक पुसत चालला आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेला इंद्रायणी हा भाताचा वाण चवीला उत्तम, बाजारात भाव मिळवणारा. साहजिकच सगळीकडे तोच लागला. पण गावभर एकच वाण असला की तो एकाच आठवड्यात फुलतो, आणि त्या आठवड्यातला पाऊस सगळ्यांचेच पीक नेतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा राइस तंत्र माती धरून ठेवायला उपयोगी आहे: चिखलणी नाही, उंच गादीवाफ्यावर बी टोकून पेरणी, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच. वाणांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेसारखी कामे हवीत. काही वाणांचा दाणा पिकल्यावर दोन-तीन आठवडे सुप्त राहतो, भिजला तरी लगेच मोड धरत नाही. वरच्या खाचरांसाठी आता असा हळवा वाण हवा, आणि तो शोधायचा तर जुन्या हळव्या वाणांचे बी पुढच्या जूनमध्ये कुणाच्या तरी राबात पडायला हवे.