वातरक्तातील पथ्याहार

वातरक्तात (गाऊट) रक्तातील युरिक आम्ल आटोक्यात ठेवण्यासाठी पाळावयाचे खाण्यापिण्याचे नियम. हे आम्ल दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिग्रॅ.च्या वर गेले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. बहुधा पायाच्या अंगठ्याचे मूळ एका रात्रीत लालभडक सुजते व पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

आयुर्वेदातील वातरक्त आणि गाऊट एकच का, याविषयी मतभेद आहेत. वर्णिलेला बधिरपणा व त्वचेचा पालटलेला रंग यांवरून काही अभ्यासक त्यात रक्तवाहिन्यांचे विकारही धरतात. तथापि चरकसंहितेतील ‘मिष्टान्नसुखभोजी’, चालणे टाळणारा सुकुमार रुग्ण पाहता त्यात गाऊटचा अंतर्भाव असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हे वर्णन चिकित्सास्थानाच्या (ग्रंथाचा उपचारविषयक विभाग) २९ व्या अध्यायात येते. या स्थानातील १७ अध्याय चरकसंहितेचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने पूर्ण केले. ते नेमके कोणते, यावर एकमत नाही. हा त्यांपैकी मानल्यास त्याचा काळ इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास येतो.

त्यातील कारणांच्या यादीत उडीद, कुळीथ, पावटा, ऊस, दही, ताक, मद्य, सुके मांस व जलचरांचे मांस आहे. पथ्यात मात्र तूर, हरभरा, मूग, मसूर व मटकी यांचे भरपूर तूप घातलेले कढण सांगितले आहे. आजही अनेक घरांत युरिक आम्लाचा अहवाल हाती येताच पहिली डाळ बंद होते. शाकाहारी रुग्णाची प्रथिने त्यामुळे विनाकारण तुटतात. अमेरिकेतील ४७,१५० पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत (२००४) मांस व मासळी यांनी धोका वाढलेला आढळला, प्युरीनयुक्त (प्युरीन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक आम्ल बनते ते द्रव्य) भाज्यांनी व कडधान्यांनी नाही. दुग्धजन्य पदार्थ खाणाऱ्यांत तो कमी होता. दही-ताकाबाबत प्राचीन यादीशी हे जुळत नाही.

कलेजी, तारली, बांगडा, बिअर व साखरेची शीतपेये कमी करावीत. पाणी पुरेसे प्यावे. वजन हळूहळू उतरवावे. कडक उपासाने युरिक आम्ल उलट वाढते. शरीरातील बहुतेक युरिक आम्ल पेशींच्या मोडतोडीतूनच तयार होत असल्याने कडक पथ्यानेही ते साधारण १ मिग्रॅ.च उतरते. म्हणून वारंवार झटके येणाऱ्यांना ॲलोप्युरिनॉलसारखे औषध लागते व पातळी ६ मिग्रॅ.च्या खाली ठेवली जाते. पथ्य सुरू केले म्हणून हे औषध परस्पर बंद करू नये.