सार्वजनिक वाहतुकीतील गुंतवणूक

सार्वजनिक वाहतुकीतील गुंतवणूक : ठरावीक मार्गावर, ठरावीक भाडे घेऊन, कोणालाही चढता येईल अशा वाहनसेवेसाठी केलेला भांडवली व आवर्ती खर्च. या खर्चातून प्रवाशांना, प्रवास न करणाऱ्यांना आणि एकूण वस्तीला होणाऱ्या लाभांचा विचार येथे केला आहे. रूळ, बोगदे, आगारे, वाहने व सिग्नल यंत्रणा हा भांडवली खर्च. चालक-वाहकांचे वेतन, इंधन व देखभाल हा आवर्ती. चर्चेत पहिल्यावर अधिक शाई खर्च होते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र पुढची गाडी कधी येणार याच्याशी कर्तव्य असते आणि ते बहुतांशी दुसऱ्यावर ठरते.

उगम : अशा सेवेचा आरंभ कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये सुरू झालेली पाच सू (एक फ्रेंच नाणे) भाड्याची घोडागाडी सेवा सामान्यतः पहिली मानतात. तिची कल्पना गणितज्ञ ब्लेझ पास्कालची. मार्ग ठरलेले आणि गाडी भरो वा न भरो, वेळ झाली की सुटणार, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु पॅरिसच्या पार्लमाँने (हे विधिमंडळ नव्हे, न्यायसंस्था) सैनिक, हुजरे व मजूर यांना तीत बसण्यास मनाई केली. म्हणजे सार्वजनिक गाडीतून बरेचसे लोक आधीच वगळले गेले. सेवा बंद पडल्याचे साल साधारणतः १६७७ देतात. काही लेखक या मनाईला दोष देतात, काही पुढे झालेल्या भाडेवाढीला. दोन्ही कारणे एकत्र धरणे सयुक्तिक दिसते.

एकोणिसाव्या शतकात दोन दावेदार आहेत. इंग्लंडमध्ये जॉन ग्रीनवुडने १८२४ मध्ये पेंडलटन ते मँचेस्टर अशी गाडी सुरू केली. फ्रान्समधील नांत येथे स्तानिस्लास बोद्रीने १८२६ मध्ये तसाच उपक्रम केला. पिठाच्या गिरणीतील वाफेच्या यंत्राचे गरम पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याने स्नानगृह काढले आणि गिऱ्हाइके आणायला गावातून गाडी ठेवली. लोक गाडीत बसत, पण स्नानगृहापर्यंत न येता मध्येच उतरून आपापल्या कामाला जात. बोद्रीने स्नानगृहाचा नाद सोडून गाडीचा धंदा धरला. ‘ऑम्निबस’ हे नाव गाडीच्या थांब्याजवळच्या ऑम्नेस नावाच्या टोपीविक्याच्या पाटीवरून आले, ही व्युत्पत्ती रंजक आहे पण भरवशाची नाही. ‘सर्वांसाठी’ हा लॅटिन अर्थ पुरेसा आहे. निव्वळ सालानुसार ग्रीनवुड आधीचा ठरतो. तथापि पॅरिस (१८२८) व लंडन (१८२९) येथील सेवांचा धागा नांतशी जुळतो, म्हणून परंपरेचा आरंभ तेथून धरणे अधिक योग्य. पास्कालची सेवा वारस न ठेवता संपली होती.

लाभाचे मापन : तिकिटाच्या उत्पन्नावरून सार्वजनिक कामाचे मोल ठरवू नये, हे तत्त्व फ्रेंच अभियंता झ्यूल द्युपुई याने १८४४ मध्ये मांडले. माणूस ज्या सेवेसाठी जास्त मोजायला तयार असतो ती त्याला कमी दरात मिळाली, तर मधला फरक हा समाजाचा लाभ होय; तो कोणाच्याच गल्ल्यात दिसत नाही. शहरी वाहतुकीला या विचाराचे ठळक उपयोजन लंडनच्या व्हिक्टोरिया भुयारी रेल्वेमार्गावरील फॉस्टर व बीझली यांच्या अभ्यासात (१९६३) आढळते. केवळ भाड्यावर हा मार्ग तोट्यात जाणार होता. अभ्यासकांनी वाचलेला वेळ, वाहनखर्चातील बचत व गर्दीतील घट यांचे पैशांत मोल केले, तेव्हा गुंतवणूक समर्थनीय ठरली. लाभाचा मोठा हिस्सा या मार्गाने न जाणाऱ्यांच्या वाट्याला येत होता: रस्त्यावरची गर्दी हटल्याने मोटारीतून जाणारेही लवकर पोहोचणार होते.

या पद्धतीत वारंवार होणारी चूक दुहेरी मोजणीची. स्थानकाजवळच्या जमिनीचा भाव वाढतो तो मुख्यतः तेथून प्रवासाचा वेळ वाचतो म्हणून. वाचलेला वेळ एकदा मोजून वर भाववाढही मिळवली, तर तोच लाभ दोनदा धरला जातो. प्रकल्पाच्या समर्थनार्थ निघणाऱ्या पुस्तिकांत ही बेरीज सर्रास आढळते. भाववाढ हा वेगळा लाभ न मानता, लाभ कोणाच्या खिशात गेला याची ती खूण मानावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दाट वस्तीमुळे उद्योगांची उत्पादकता वाढते, हा समूहनाचा लाभ अलीकडे स्वतंत्रपणे धरतात. त्याचे अस्तित्व मान्य असले तरी एखाद्या मार्गापुरता तो किती, याविषयी अंदाज बरेच भिन्न आहेत.

फेऱ्यांची वारंवारता : हर्बर्ट मोहरिंग याने १९७२ मध्ये दाखवलेला परिणाम या क्षेत्रात मध्यवर्ती मानतात. प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येत असतील आणि गाड्या समान अंतराने येत असतील, तर सरासरी प्रतीक्षा दोन गाड्यांमधील वेळेच्या निम्मी असते. अर्ध्या तासाने बस असेल तर पंधरा मिनिटे, पंधरा मिनिटांनी असेल तर साडेसात. नवे प्रवासी आल्याने फेऱ्या वाढतात आणि त्यामुळे जुन्या प्रवाशांचीही प्रतीक्षा घटते. साध्या प्रतिमानात इष्टतम वारंवारता प्रवासीसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: प्रवासी चौपट झाले तर फेऱ्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक गाडी दुपटीने भरते आणि प्रतीक्षा निम्म्यावर येते. सरासरी खर्च असा उतरत असल्याने भाडे पूर्ण खर्चाइतके ठेवणे अर्थशास्त्रीय दृष्ट्या अयोग्य ठरते. अनुदानाचे सर्वांत भक्कम समर्थन बहुधा हेच.

गाड्या वेळेवर नसतील तर हे गणित बिघडते. दर दहा मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर एक बस थोडी उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे वाढलेले असतात. चढ-उतारात ती आणखी मागे पडते. मागची बस रिकामी धावत तिला गाठते आणि वीस मिनिटांनी दोन बस पाठोपाठ येतात. पहिलीच्या पायरीवर माणसे लोंबकळतात, दुसरीत बसायला जागाच जागा. बसची संख्या तीच, खर्च तोच, पण सरासरी प्रतीक्षा पाचाची दहा मिनिटे होते. राखीव मार्गिका आणि चढण्यापूर्वी तिकीट या तुलनेने स्वस्त उपायांचा लाभ खर्चाच्या मानाने मोठा असतो, तो यामुळे. १९७४ पासून कुरितिबा (ब्राझील) येथे विकसित झालेली जलद बससेवा या विचाराचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

निधी व लाभाची वसुली : वाढलेल्या जमीनमूल्यातून वाहतुकीचा खर्च काढण्याचे प्रयोग जुने आहेत. जपानमध्ये कोबायाशी इचिझो याने १९१० मध्ये सुरू झालेल्या आपल्या रेल्वेलगत जमीन घेऊन घरे विकली. १९२९ मध्ये ओसाकातील उमेदा स्थानकावर कंपनीचे मोठे दुकान निघाले. हाँगकाँगची मेट्रो स्थानकांवरील व भोवतालच्या बांधकाम हक्कांतून उत्पन्न मिळवते. फ्रान्समध्ये १९७१ पासून, प्रथम पॅरिस परिसरात, मालकांवर वेतनाच्या प्रमाणात वाहतूक अधिभार आहे. कामगार वेळेवर पोहोचण्याचा फायदा मालकालाही होतो, ही त्यामागची भूमिका. मोफत प्रवासाबाबत (टॅलिन २०१३, रहिवाशांसाठी, लक्झेंबर्ग २०२०, संपूर्ण देशात) उत्साह अधिक, निष्कर्ष सावध: टॅलिनमध्ये मोटारवाल्यांपेक्षा पायी चालणारेच अधिक प्रमाणात बसकडे वळल्याचे दिसले.

सामाजिक लाभ : वाहन चालवू न शकणारी मुले, वृद्ध, अपंग व अल्प उत्पन्न गट यांना नोकरी, शाळा, दवाखाना आवाक्यात येणे हा मुख्य लाभ. मेदेयीन (कोलंबिया) येथे डोंगरउतारावरील वस्त्यांना मेट्रोशी जोडणारा रज्जुमार्ग २००४ मध्ये सुरू झाला. त्या भागातील खुनांचे प्रमाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा अधिक घटल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात नोंदले आहे. मात्र तेथे ग्रंथालये, दिवे व अन्य सुधारणाही झाल्या असल्याने श्रेय एकट्या रज्जुमार्गाला देता येत नाही. माँटगोमेरी (अमेरिका) येथील १९५५–५६ च्या बस बहिष्काराने दुसरी बाजू दाखवली: कृष्णवर्णीय प्रवाशांना अपमानास्पद वागणूक देणारी सेवा त्यांच्याच भाड्यावर चालत होती. लाभाबरोबर घरभाडी वाढून मूळचे भाडेकरू विस्थापित होण्याचा धोकाही नोंदवला गेला आहे.

अंदाजांची विश्वसनीयता : बेंट फ्लुव्ब्येर्ग व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनेक देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांची तपासणी केली. त्यातील रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे ४५ टक्के अधिक निघाला. त्यांच्याच २००५ मधील अभ्यासात दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांची प्रवासीसंख्या फुगवून धरलेली आढळली. यामागे निव्वळ आशावाद की मंजुरीसाठी हेतुतः केलेली मांडणी, याविषयी वाद आहे. खुद्द या अभ्यासकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. जुन्या मार्गांवर फेऱ्या वाढवण्याच्या प्रकल्पांची अशी व्यापक तपासणी क्वचितच होते.